मे महिन्याचं पाणी

इक्बाल,

तुझ्या नंबरवरून फोन आला तेव्हा मी तो कापला. बैठक चालू होती, प्रकल्पाचे लोक समोर बसले होते, आणि मला वाटलं, रजेवर मालवणात बसूनसुद्धा ह्याला चैन पडत नाही. टेबलाखाली फोन धरून मी तुला लिहिलं, 'बैठकीत आहे. भांडण नंतर.' निरोप पोहोचला. वाचल्याची खूणही उमटली. लगेच पुन्हा फोन आला. तोही कापला. त्यानंतर परत आला तेव्हा मात्र मी उठून बाहेर गेले, कारण तू हट्टी असलास तरी अविचारी नाहीस.

पलीकडे तुझा मोठा भाऊ होता.

"शुभा, इक्बाल ऱ्हवलो नाय गो."

मी त्याला म्हटलं, "कायतरीच काय. काल सांजेक बोललो माझ्याशी." जसं काही काल बोललेला माणूस आज मरत नाही असा नियम आहे. भाऊ रडत रडत सांगत होता. तू सकाळी जेटीवर मासळी घ्यायला गेलास, ओळखीच्यांशी बोलत कट्ट्यावर बसलास, आणि बोलता बोलता मान टाकलीस. डॉक्टरांकडे नेईपर्यंत सगळं संपलं होतं. दुखणं नाही, खुपणं नाही.

मी फोन ठेवला आणि आत जाऊन माझ्या जागेवर बसले. का, ते मला अजून कळलेलं नाही. अध्यक्ष म्हणत होते, "इक्बाल यांचा मुद्दा ते रजेवरून आल्यावर त्यांच्याकडूनच ऐकू." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण तुझा निरोप आणणारी नेहमी मीच. मी म्हणाले, "ठीक आहे." कागदावर लिहूनही घेतलं. मग पुढचा विषय निघाला, कुणीतरी चहा सांगितला, आणि चहा आल्यावर मी म्हणाले, "इक्बाल वारला." त्या आवाजाला मीच दचकले.

रात्रीच्या रेल्वेने निघून सकाळी कणकवलीला उतरले, एसटीने मालवणला आले. तोवर तुझी माती होऊन गेली होती. तुमच्यात थांबत नाहीत हे मला माहीत होतं, तरी स्टँडवरून तुझ्या घरापर्यंत मी भरभर चालत होते. उंबऱ्याशी चपला काढल्या आणि समोर तुझी नसीम दिसली. तुझ्या घरी आल्यावर मी गेली कित्येक वर्षं जे विचारते तेच तोंडातून गेलं.

"इक्बाल खंय गो?"

ओटीवर बसलेल्या बायका माझ्याकडे वळल्या. नसीमने माझ्याकडे बघितलं. ती रागावली नाही. हाताला धरून मला खाली बसवलं आणि म्हणाली, "बस. मी पण सकाळी दोन कप चाय मांडलंय."

त्या घरात चूल पेटलेली नव्हती. शेजारच्या काकी पेजेचं पातेलं घेऊन आल्या, वर लोणच्याची फोड. "जेवल्याशिवाय उठा नको," म्हणाल्या आणि प्रत्येकीच्या हातात वाटी देऊन गेल्या. मी पेज प्यायले. भूक लागली होती, तेही मला विचित्र वाटलं.

नसीमला बोलायचं होतं, पण तुझ्याबद्दल नाही. तिने विचारलं, "तुमी दोघा इतके महिने नक्की कसला भांडत होतात गो? ह्येंका इचारलंय तर म्हणत, 'पाण्याचा.' पाण्याचा कसला भांडण?"

मग मी तिला सांगितलं. तू असतास तर दर वाक्याला 'असा नाय' म्हणत मधे पडला असतास, म्हणून घाईघाईत सांगितलं.

म्हटलं, अणुवीज केंद्राला चालवायच्या मर्यादा ठरवून दिलेल्या असतात. काय किती तापलेलं चालेल, कोणते पंप तयार असलेच पाहिजेत, एखादा बिघडला तर किती वेळ तसंच चालवता येईल. मर्यादेबाहेर गेलात तर केंद्र बंद करायचं, चर्चा नाही. त्या बदलायच्या असल्या तर प्रकल्पाने अर्ज करायचा, आणि तो आमच्यासारख्यांनी तपासायचा. आता हे केंद्र समुद्राकाठी आहे. आतली उष्णता समुद्राचं पाणी घेऊन जातं. केंद्र बंद केलं तरी आतलं इंधन लगेच थंड होत नाही, तापतच राहतं, तेव्हासुद्धा समुद्रच लागतो. म्हणून आत येणारं पाणी अमुक एवढ्यापेक्षा गरम नको, अशी एक मर्यादा. पण समुद्र आता पूर्वीपेक्षा तापतो. उन्हाळ्यात पाणी त्या मर्यादेला टेकतं आणि ऐन मे महिन्यात, सगळ्यांचे पंखे चालू असताना, केंद्र बंद करायची वेळ येते. प्रकल्प म्हणतो, मर्यादा थोडी वाढवून द्या. हिशेब दाखवतो की वाढवली तरी धोका नाही.

"मगे?" नसीम म्हणाली.

"मगे मी म्हणतंय द्या, तो म्हणता देऊ नको."

मी 'म्हणता' म्हणाले, तू अजून असल्यासारखं. तिने ते दुरुस्त केलं नाही.

तुझा मुद्दा साधा होता, ते मला आधीपासून मान्य होतं. खाऱ्या पाण्याच्या नळ्यांना आतून शिंपले धरतात. ते धरले की उष्णता नीट बाहेर पडत नाही. प्रकल्पाने त्यासाठी हिशेबात जागा ठेवली होती. गरम पाण्यासाठीही वेगळी जागा ठेवली होती. तू म्हणालास, दोन्ही एकाच महिन्यात येतात, मग वेगवेगळं का मोजलं? आणि नळ्या तपासल्या कधी? वार्षिक दुरुस्तीला केंद्र बंद असतं तेव्हा. म्हणजे थंडीत.

कँटीनमध्ये आपण ह्यावर किती चहा थंड केला असेल.

"दोन पावणे तू येगयेगळे मोजलंस गो शुभा. ते एकाच पंगतीक येतत."

"अरे, दोघांकव जास्तच वाढलेला आसा. एकत्र इले तरी पुरतला."

"पुरतला ह्या तुका कोणी सांगल्यान?"

"गणितान."

"गणित कधी मे म्हयन्यात समुद्रात उतारला होता?"

बाजूच्या टेबलावरची दिल्लीची मंडळी आपल्याकडे बघायची. त्यांना वाटायचं, नवरा-बायकोसारखे भांडतात. एकाने मला विचारलंही होतं, तुम्ही नक्की कोणती भाषा बोलता? तू त्याला गंभीरपणे म्हणालास, "सुरक्षेची."

एकदा मे महिन्याच्या सुट्टीत तू मला मुद्दाम माझ्या घरून, तारकर्लीहून, बोलावून घेतलंस. तुझ्या भावाने होडी किनाऱ्यावर ओढली होती, पावसाआधी ओढतात तशी, आणि तळ खरवडायचं काम चाललं होतं. पांढरे, धारदार शिंपले थरच्या थर खाली पडत होते. तू पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा होतास आणि कुठल्या तरी परिषदेत बोलल्यासारखा हात करून म्हणालास, "बघ. ह्या सगळा उन्हाळ्यातला."

मी म्हटलं, "तुझ्या भावाच्या होडीक कोण क्लोरीन देता? प्रकल्पात शिंपले धरू नयेत म्हणान पाण्यात क्लोरीन सोडतत."

"सोडतत. तरी नळये साफ करूक लागतत मां?"

"लागतत."

"मगे झाला तर."

"काय झाला? लागतत म्हणान तर हिशेबात जागा ठेवल्या."

तुझा भाऊ खरवडणं थांबवून म्हणाला, "तुमी दोघा हडे भांडाक इलास तर हातात पाती घेवा." आपण घेतल्या. माझ्या बोटाला तिथेच कापलं आणि तू म्हणालास, "बघ, चावता पण."

आपला एक नियम होता, तो तू आणलेला. दुसऱ्याचं म्हणणं खोडायच्या आधी ते त्याच्यासमोर मांडायचं, त्याला मान्य होईल असं. त्याने 'होय, असाच माझा म्हणणा' म्हटल्याशिवाय उत्तर द्यायला तोंड उघडायचं नाही. पहिल्या वर्षी मला ह्याचा इतका संताप यायचा. मी तुझा मुद्दा सांगायचे, तू डोळे मिटून ऐकायचास आणि म्हणायचास, "असा नाय. परत." मी मुद्दाम तो थोडा कमजोर करून सांगितला की तुला लगेच कळायचं. तू मात्र माझा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडायचास. कधी कधी तर तू माझं म्हणणं सांगून संपवलंस की मला वाटायचं, आता ह्याला उत्तर असूच शकत नाही. आणि मग तू उत्तर द्यायचास.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. घरी आईला फोन करून जागेवर वळले तर तू मागे उभा.

"तारकर्लेची काय गो?"

"होय. तुका कसा कळला?"

"आवयशी बोलतंस तेव्हा अख्ख्या मजल्याक कळता."

त्याच वर्षी आपण एका केंद्राच्या तपासणीला गेलो. मी प्रश्न विचारायचे आणि तिथले साहेब उत्तर तुला द्यायचे. तू थोडा वेळ ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "प्रश्न त्यांनी विचारलाय. उत्तर त्यांना द्या. मला ह्यातलं कळत नाही." आणि पिशवीतून पेपर काढून, चक्क उघडून, तोंडासमोर धरलास. दुपारपर्यंत तू पेपर खाली घेतला नाहीस. संध्याकाळी मी तुला म्हटलं, माझी वकिली करायची गरज नव्हती. तू म्हणालास, "वकिली खंय केलंय? शब्दकोडा सोडवी होतंय." आभार मानायचे राहिले. नंतर इतकी ओळख झाली की आभार मानणं म्हणजे चेष्टा वाटली असती.

आता आदल्या संध्याकाळचा फोन. तू भाचीच्या निकाहच्या घरातून बोलत होतास, मागे बायकांचा गलका होता. मी तुला म्हटलं, उद्या माझा अहवाल मांडते आहे, माझी शिफारस मंजुरीची आहे, तुझा मुद्दा तेवढा उघडा आहे. प्रकल्पाने तुला उत्तर दिलंय, हिशेब सावध आहे म्हणून. तू म्हणालास, ते उत्तर नव्हे, मी मोजमाप मागितलं, त्यांनी धीर दिला. मी चिडले. म्हटलं, "इक्बाल, शिंपल्यांसाठी तू एक अख्खं केंद्र मे महिन्यात बंद पाडतलंस. हास्पिटलात पण वीज लागता रे." मागचा गलका कमी झाला, तू अंगणात आलास बहुतेक. मग म्हणालास, "तू माझी बाजू घेव नको. फक्त तो मुद्दो बंद करू नको."

"बरा," मी म्हणाले. "तू ये, मगे बघू."

नसीमला हे सगळं सांगून झालं तेव्हा मी म्हटलं, इतका कसा हट्टी होता गं, एवढी खात्री माणसाला कुठून येते?

नसीम म्हणाली, "खात्री? तुझो फोन ठेवल्यावर जेवाक बसले. हसत होते. मी इचारलंय, काय झाला? तर म्हणाले, 'शुभाचाच बरोबर आसात बहुतेक.'"

मी वाटी खाली ठेवली.

"मी म्हटलंय, मगे भांडतास कित्या? तर म्हणाले, 'माका ठावक नाय, म्हणान.'"

इक्बाल, तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी आत जाऊन बैठकीत बसू शकले. हे ऐकल्यावर मला ओटीवर बसवेना. मी उठून मागच्या दारी गेले, तिथे तुझा टॉवेल दोरीवर वाळत होता, आणि मी भिंतीला हात लावून उभी राहिले. इतके महिने मला वाटत होतं मी एका ठाम माणसाशी भांडते आहे. आणि ठाम होते ती मी. तुला फक्त विचारायचं होतं.

आता पुढचं सांगते. हे तुला कळायला हवं, कारण बाकी कुणाला त्यात रस नाही.

पुढच्या आठवड्यात बैठक भरली. सगळे उभे राहिले, दोन मिनिटं शांतता पाळली. मग बसलो. तुझ्या जागेवर सचिवाने फाइली ठेवल्या होत्या, कुणी चुकून बसू नये म्हणून असेल. अध्यक्ष चांगले गृहस्थ आहेत. त्यांचा आवाजही नीट नव्हता. ते म्हणाले, "इक्बाल यांचा एक मुद्दा उघडा आहे. प्रकल्पाचं उत्तर आलेलं आहे. सदस्य उपलब्ध नसल्यामुळे तो बंद झाला असं धरून पुढे जाऊ."

सदस्य उपलब्ध नाही. जसा तू दाढदुखीने घरी राहिला आहेस.

मला पाहिजे होतं तेच होत होतं. माझी शिफारस मंजूर होत होती, एकही शब्द न बोलता. यंदाच्या मे महिन्यापासून नवी मर्यादा लागली असती. समोरची माणसं वाईट नाहीत रे, त्यांनी मनापासून हिशेब केलाय, आणि मी तो तपासलाय. मी फक्त गप्प बसायचं होतं.

मी म्हणाले, "मुद्दा बंद करू नका. तो माझ्या नावावर घ्या."

प्रकल्पाचे मुख्य अभियंता गोंधळले. "मॅडम, तुमच्याच अहवालात आहे की वाढवलेल्या मर्यादेतही पुरेसं अंतर राहतं."

"आहे. मला अजूनही तसंच वाटतं."

"मग?"

"मग तेच मला मे महिन्यात मोजून दाखवा. थंडीत साफ केलेल्या नळ्या नकोत. उन्हाळाभर चाललेल्या, गरम पाण्यातल्या नळ्या. किती उष्णता नेतात ते बघू."

अध्यक्षांनी चष्मा काढला. हळूच म्हणाले, "शुभाताई, तुमचा आणि त्यांचा किती वर्षांचा स्नेह होता हे आम्हाला माहीत आहे. अशा वेळी माणसाला वाटतं..."

त्यांचं चुकलं नाही. मीही त्यांच्या जागी तेच म्हटलं असतं. मी म्हणाले, "सर, मी भावनेच्या भरात असते तर मंजुरी देऊन घरी गेले असते. मला आज इथे बसवतसुद्धा नाही."

मग मी तुझा मुद्दा मांडला. इतके महिने 'असा नाय, परत' ऐकून तो मला तोंडपाठ होता. कुठे थांबायचं, कोणती आकृती आधी दाखवायची, कोणती शंका ते काढतील, सगळं. मी कुठेही तो कमजोर केला नाही. आणि मग ते माझा मुद्दा घेऊन माझ्या अंगावर आले. तुझ्या भाषेत सांगायचं तर त्यांनी तो बऱ्यापैकी मांडला. क्लोरीन, जास्तीची जागा, केंद्र उगाच बंद-चालू करण्यातला धोका. प्रत्येकाला उत्तर होतं. मी ते देत होते आणि मनात म्हणत होते, अरे, हे मी आधी कधी ऐकलंच नव्हतं. तू मला सांगितलं होतंस, मी ऐकून पाठ केलं होतं. ऐकलं आत्ता.

शेवटी ठरलं ते असं. यंदा मर्यादा जुनीच. प्रकल्पाने उन्हाळ्यात चालू स्थितीत मोजमाप घ्यायचं, ते आलं की अर्जाचा विचार पुन्हा. समुद्र जुन्या मर्यादेच्या वर तापला तर केंद्र बंद. मुख्य अभियंता फाइल मिटताना म्हणाले, "मॅडम, मे महिन्यात वरून विचारणा आली तर तुमचं नाव सांगावं लागेल." मी म्हटलं, "सांगा. नंबरही द्या."

तेव्हा आता ते माझ्या अंगावर आहे. चैत्र लागलाय, परवा घाटावर वळवाचे ढग होते, पण समुद्रावर काही नाही. मी रोज सकाळी पाण्याचं तापमान बघते. आकडा दिसला की तुला पाठवायला फोन उचलते. दोनदा पाठवलाही. तुझा फोन आता नसीमकडे असतो. तिने दुसऱ्या वेळी उत्तर दिलं, 'वाचले.' पुढे काही नाही. तिने कुणाच्या वतीने लिहिलं ते मी विचारलं नाही.

मोजमाप येईल. तुझं बरोबर निघालं तर सोपं आहे. लोक तुझं नाव काढतील, मला दोन शब्द बोलायला सांगतील, ते मी निभावून नेईन. पण बहुतेक तसं होणार नाही. बहुतेक नळ्यांना शिंपले धरतील, पाणी तापेल, आणि तरीही सगळं पुरेसं निघेल. तूच म्हणालास ना जेवताना. मग मर्यादा वाढवून मिळेल, त्यावर माझी सही असेल आणि ती खात्रीची सही असेल. मी बरोबर ठरेन.

त्या दिवशी मी काय करायचं, ते मला कुणी सांगितलेलं नाही. कँटीनमध्ये जाऊन कुणासमोर बसू? तू चुकलास की खाली मान घालून कपातला चहा बघत बसायचास, मग म्हणायचास, "बरा, ह्या खेपेक तुझा." तेवढं ऐकायला मी तीन-तीन महिने कागद वाचत असे. मला तुझ्यासमोर जिंकायचं होतं, इक्बाल. तुझ्यामागे नाही.